वेगाविषयीचा संशय: ‘लोला रेन्ट’ आणि प्रेक्षकमताचा प्रश्न

टॉम टिक्वर यांचा ‘लोला रेन्ट’ हा जर्मन चित्रपट १९९८ साली प्रदर्शित झाला. त्याविषयी तेव्हापासून व्यक्त होत आलेली प्रेक्षकमते ढोबळमानाने दोन गटांत विभागता येतात. एका गटाच्या मते हा चित्रपट म्हणजे लांबवलेली संगीतफीत किंवा संगणकीय खेळ आहे: लाल केस, टेक्नो संगीताचा ठोका, झपाट्याची संकलनपद्धती, आणि आत काही नाही. दुसऱ्या गटाच्या मते तो योगायोग, नियती आणि मानवी स्वातंत्र्य यांवरचे गहन चिंतन आहे. वेग हे केवळ त्याचे आकर्षक वेष्टन. ही दोन मते परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ती एकाच गृहीतकाची अपत्ये आहेत. ते गृहीतक चुकीचे आहे, आणि आपल्या समीक्षाव्यवहाराने ते दूर करण्याऐवजी त्याला पारिभाषिक प्रतिष्ठा दिली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कथानक सर्वपरिचित आहे. मानी याने एका गुंडाचे एक लाख मार्क भुयारी रेल्वेत गमावले आहेत. लोलाने वीस मिनिटांत तेवढी रक्कम आणली नाही, तर तो बाराच्या ठोक्याला दुकान लुटणार आहे. ती बर्लिनमधून धावते, आणि हे धावणे तीनदा घडते. पहिल्या खेपेस ती मरते, दुसऱ्या खेपेस तो मरतो, तिसऱ्या खेपेस दोघेही वाचतात. सुमारे ऐंशी मिनिटांचा हा ऐवज.

पहिल्या मताची तपासणी करू. ‘खेळ’ ही उपमा निराधार नाही. चित्रपटाच्या आरंभीच्या दोन अवतरणांपैकी एक टी. एस. एलियट यांचे आहे, तर दुसरे १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांचे. कवी आणि क्रीडाप्रशिक्षक यांना एकाच पंक्तीत बसवणारा दिग्दर्शक खेळाची कल्पना लपवत नाही. प्रश्न असा की, हा खेळ कोणत्या प्रकारचा? संगणकीय खेळात डाव मोडला की पट पूर्ववत होतो. शिकतो तो फक्त बाहेर बसलेला खेळाडू. येथे पहिल्या खेपेस पिस्तुलाची कळ कशी सोडायची हे मानी लोलाला सांगतो, आणि दुसऱ्या खेपेस, बापाच्या बँकेत, तिला ते ठाऊक असते. म्हणजे स्मृती एका डावातून दुसऱ्या डावात झिरपते. ज्या मृत्यूची स्मृती मागे उरते, त्याला ‘पुन्हा सुरू करा’ असे म्हणता येत नाही. ‘आत काही नाही’ असा निर्वाळा देणाऱ्या प्रेक्षकाच्या नजरेतून नेमकी ही कळ निसटलेली असते.

‘केवळ वेग’ हेही वर्णन अर्धवट आहे. दोन खेपांच्या मध्ये लाल प्रकाशात शय्येवर पडून प्रेमाविषयी संथपणे बोलणारे लोला आणि मानी दिसतात. पहिल्या खेपेस दुकान लुटून दोघे पळतात, तेव्हा टेक्नोचा ठोका थांबतो आणि डायना वॉशिंग्टन यांचे संथ गाणे सुरू होते. पळणेही मंदगतीने दिसते. वेग जाणवतो तो या मंदावण्यामुळे. ज्या प्रेक्षकाला सलग धावच आठवते, त्याने चित्रपटाचा एक अंश पाहिला आणि त्यावर समग्र निर्णय दिला.

दुसरे मत अधिक सभ्य, म्हणूनच अधिक फसवे आहे. ‘क्षणाचा फरक आयुष्य बदलतो’ हे सूत्र या मताला पुरेसे वाटते. परंतु हे सूत्र सांगण्यासाठी चित्रपट पाहण्याची गरज काय? शिवाय याच सूत्राच्या आधारे क्षिश्तॉफ किस्लोव्स्की यांच्या १९८१ मध्ये पूर्ण झालेल्या, परंतु १९८७ पर्यंत अडवून ठेवलेल्या ‘अंध योगायोग’ या पोलिश चित्रपटाचेही वर्णन करता येते. तेथे नायकाला गाडी मिळते की चुकते, यावर तो पक्षाचा सदस्य होणार, विरोधक होणार की तटस्थ राहणार, हे ठरते. त्या योगायोगाला राजकीय व्यवस्थेचे वजन आहे. ‘लोला रेन्ट’मध्ये असे वजन आढळत नाही, आणि एरिक रेन्टश्लर यांनी भिंत पडल्यानंतरच्या जर्मन चित्रपटावर ‘सहमतीचा सिनेमा’ म्हणून जो आक्षेप घेतला, त्याची दखल येथे घ्यावीच लागते. दोन कृतींतील हा भेद ज्या सूत्रात विरघळून जातो, ते सूत्र समीक्षेच्या काय कामाचे?

तिसऱ्या खेपेचा शेवट घ्या. तो ‘सुखान्त’ आहे, प्रेम आणि प्रयत्न यांचा विजय आहे, असे दोन्ही गट एकमुखाने म्हणतात. तपशील काय सांगतो? लोला जुगारगृहात वीस या आकड्यावर दोनदा पैसे लावून रक्कम जिंकते. परंतु तोपर्यंत मानीने हरवलेली थैली एका बेघर माणसाकडून स्वतःच परत मिळवलेली असते आणि ती गुंडाला पोचवलेली असते. म्हणजे ज्या पैशासाठी ती तीनदा धावली, त्यांची अखेरीस गरजच उरलेली नाही. आणि याच खेपेस तिचा बाप मोटारीच्या भीषण अपघातात सापडतो, हे तिला ठाऊक नाही. पहिल्या खेपेत याच बापाने, ती आपली मुलगी नाही असे सांगून, तिला बँकेबाहेर काढले होते. प्रेक्षकाने अपघात पाहिला आहे, लोलाने नाही. शेवटच्या चौकटीतील तिचे स्मित आणि प्रेक्षकाला असलेले ज्ञान यांमधील हे अंतर हाच या चित्रपटाचा आशय आहे. आणि ते अंतर निर्माण होते ते संकलनातून, म्हणजे ज्याला ‘शैली’ म्हणून बाजूला सारले त्यातून.

येथे समान गृहीतक उघडे पडते. शैली एकीकडे आणि आशय दुसरीकडे. एक मोजायची, दुसरा वजन करायचा. मराठीत हा वाद नवा नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांतून कलाकृतीच्या घटनेचा विचार मांडला, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्यांची मांडणी मान्य असो वा नसो, घटकांच्या परस्परसंबंधांखेरीज आशयाविषयी बोलता येत नाही, एवढे तरी त्या वादाने आपल्या हाती दिले होते. चित्रपटाकडे वळताच आपण ते सोडून देतो. कादंबरीच्या निवेदनाविषयी काटेकोर असणारा अभ्यासक चित्रपटाचे ‘आशयसूत्र’ दोन वाक्यांत सांगतो आणि उरलेले सर्व ‘तंत्र’ या रकान्यात ढकलतो. विद्यार्थीही मग तेच लिहितात, आणि त्यांना गुणही मिळतात.

यावर एक उत्तर हमखास येते: वाचककेंद्री सिद्धान्तानुसार अर्थ वाचकाच्या ठायी घडतो, तेव्हा प्रेक्षकाचे मत हाच चित्रपटाचा अर्थ, त्याला चूक म्हणणारे तुम्ही कोण? हा त्या सिद्धान्ताचा विपर्यास आहे. वोल्फगांग इझर यांचा ‘गर्भित वाचक’ म्हणजे मतनोंदणीत सापडणारी व्यक्ती नव्हे. ती संहितेने रचलेली भूमिका आहे. संहितेतील रिकाम्या जागा वाटेल तशा भरायच्या नसतात. संहिता त्या भरण्याची दिशाही सुचवते. अभिनवगुप्तांचा सहृदयही जन्मजात नसतो. काव्याच्या अनुशीलनाने त्याचे मन आरशासारखे निर्मळ झालेले असते. दोन्ही परंपरांत ग्रहण ही साधना आहे, अधिकारपत्र नव्हे.

मग प्रेक्षकमताचे स्थान कोणते? ते पुरावा आहे, निकाल नव्हे. ‘दम लागला’ असे प्रेक्षक म्हणतो, तेव्हा तो चित्रपटाच्या शरीरावर होणाऱ्या परिणामाची साक्ष देत असतो, आणि ही साक्ष बहुमोल आहे. दम कशाने लागला, कोठे सुटला, आणि सुटताना नजर कोठून हटली, हे शोधणे समीक्षकाचे काम. साक्षीलाच निकाल मानणारा समीक्षक न्यायाधीशाचे आसन सोडून गर्दीत मिसळतो, आणि त्याला लोकशाही म्हणतो.

हे दुर्लक्ष किती महागात पडते, ते २०२२ च्या ‘लूप लपेटा’ या हिंदी पुनर्निर्मितीत दिसते. गोव्यात घडणाऱ्या या चित्रपटात नायक-नायिकेला सत्यवान-सावित्रीच्या कथेशी जोडले आहे. जेथे मूळ कृतीने कारण रिकामे ठेवले होते, तेथे निष्ठेचे तयार कारण आणून बसवले आहे. विशेष म्हणजे पुराणातील सावित्री यमाला जिंकते ती युक्तिवादाने, वेगाने नव्हे. ‘प्रेमाचा विजय’ हे प्रेक्षकमत प्रमाण मानले की पुनर्निर्मिती अशीच होणार, आणि समीक्षाही अशीच होणार.

वेगाने जाणारी कृती सावकाश पाहावी लागते. कवितेच्या बाबतीत हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतो. चित्रपटाच्या बाबतीत ते सांगण्याचे आपण अद्याप टाळत आहोत, आणि त्या टाळण्याला प्रेक्षकाविषयीचा आदर असे नाव देत आहोत.