कुंडीतील झाडाची ओळख



नव्या दुकानाच्या उद्घाटनाला किंवा गृहप्रवेशाला हारतुऱ्यांऐवजी कुंडीतील रोप भेट देण्याची पद्धत आता आपल्याकडे चांगली रुजली आहे. मनी प्लांट, जेड, लकी बांबू, स्नेक प्लांट ही त्यातील नेहमीची नावे. धनलाभ आणि भरभराट यांच्याशी लोकांनी त्यांचे नाते जोडलेले असल्याने व्यापारी कुटुंबात तर ती हमखास येतात. त्याच कुटुंबांत अलीकडे श्वानही घरातील एक सदस्य म्हणून वावरू लागला आहे. वर उल्लेखिलेली चारही झाडे श्वानाच्या पोटात गेली तर त्याला बाधतात, ही गोष्ट मात्र भेट देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते.

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला एक सवय जडते. समोरच्या व्यक्तीची ओळख पटल्याखेरीज तो खाते उघडत नाही. रोपाला मात्र आपण नाव-गाव न विचारताच दिवाणखान्यात जागा देतो. रोपवाटिकेतही पुष्कळदा ‘शोभेचे झाड’ एवढेच उत्तर मिळते. ज्या घरात श्वान आहे, तेथे प्रत्येक झाडाचे नाव घरातील मोठ्यांना माहीत असावे आणि त्यातील कोणते केवळ त्रास देणारे व कोणते प्राण घेणारे, हा भेदही ठाऊक असावा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. सर्व कर्जांची जोखीम सारखी नसते, तसेच हे आहे. हा भेद न केल्यास एक तर भीतीपोटी सगळीच हिरवाई घराबाहेर जाते, नाहीतर ‘काही होत नाही’ म्हणून खरोखर घातक झाडही जागेवरच राहते.

पहिला गट त्रास देणाऱ्या झाडांचा. त्याचा परिचय आपल्या स्वयंपाकघरात आधीच झालेला आहे. अळूची पाने चिरताना हात खाजतात. भाजी कच्ची राहिली तर घसा खवखवतो. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते टोचतात. मनी प्लांट, डिफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अँथुरियम, पीस लिली ही सारी अळूच्याच कुळातील आहेत. श्वानाने त्यांचे पान चावले की तोंडाची आग होते, लाळ गळू लागते, तो पंजाने तोंड घासतो, ओकतो. हे प्रकरण बहुधा जिवावर बेतत नाही. मात्र जीभ किंवा घसा सुजून श्वासाला अडथळा येऊ लागला, तर क्षणाचाही विलंब करू नये. अळूच्या भाजीत आपण चिंच घालतो, तो उपाय श्वानावर करून पाहू नये. चिंच खाल्ल्याने श्वानाच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकांनी नोंदवलेली आहेत.

स्नेक प्लांट आणि लकी बांबू यांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांनी वांती आणि जुलाब होतात. जेडमुळे वांतीबरोबर सुस्ती येते, चालताना तोल जातो. कोरफडीचा गर आपल्याला परिचित आहे. पण तिच्या सालीखाली पिवळा, कडू रस असतो. तोच वाळवून ‘काळा बोळ’ तयार होतो आणि तो रेचक आहे. श्वानाने पान सालीसकट चावल्यास त्याला तोच गुण भोगावा लागतो.

दुसरा गट प्राणघातक झाडांचा. यात अग्रक्रम सॅगो पामचा. बंगल्याच्या फाटकाशी किंवा पेढीच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना हे झाड आज सर्रास दिसते. नावात पाम असले तरी ते ताड-माडाच्या कुळातील नाही; ते सायकस या अतिप्राचीन वर्गातील असून मूळचे दक्षिण जपानचे आहे. ‘सॅगो’वरून साबुदाणा आठवतो, परंतु आपल्याकडील साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्याचा या झाडाशी संबंध नाही. सायकसच्या सर्व भागांत सायकॅसिन हे यकृतनाशक विष असते आणि मादी झाडाच्या बियांत ते सर्वाधिक असते. एक-दोन बियासुद्धा श्वानाचा प्राण घेऊ शकतात. पहिल्या काही तासांत वांती, जुलाब सुरू होतात. यकृत निकामी होत असल्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. म्हणून वांती थांबली म्हणजे संकट टळले, असे कधीही समजू नये. या विषावर नेमका उतारा नाही. जितके लवकर उपचार सुरू होतील, तितकी आशा अधिक.

त्यानंतर कण्हेर. तिचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. पान, फूल, देठ, सारेच विषारी आणि पान वाळले तरी विष जात नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीदेखील तशीच. गच्चीवर हौसेने वाढवले जाणारे ॲडेनियम याच कुळातील आहे; आफ्रिकेत त्याच्या चिकाचा उपयोग बाणांच्या टोकांना विष लावण्यासाठी होत असे. पानफुटीच्या वर्गातील कलांचोची फुलझाडेही हृदयावरच आघात करतात. कण्हेरीची छाटणी केल्यावर फांद्या रस्त्याकडेला टाकण्याची प्रथा आहे, तीही सोडायला हवी. भटक्या श्वानाप्रमाणे गायी-शेळ्याही त्या खाऊन दगावतात.

झाडाइतकेच लक्ष कुंडीतील खताकडे असावे. एरंडीची पेंड सेंद्रिय म्हणून आपण निर्धास्तपणे घालतो. तिच्या वासाने श्वान माती उकरतात आणि प्रक्रिया नीट न झालेल्या पेंडीत रायसिन हे जहाल विष शिल्लक असू शकते. श्वान असलेल्या घरी शेणखत किंवा पालापाचोळ्याचे कंपोस्ट बरे.

सर्वांत जोखमीचा काळ पिल्लाच्या दात येण्याचा, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यापर्यंतचा. हिरड्या शिवशिवत असल्याने पिल्लू दिसेल ते चावते. या काळात पहिल्या गटातील कुंड्या उंच फळीवर किंवा बंद गॅलरीत ठेवाव्यात, लोंबणाऱ्या वेली वर बांधाव्यात, गळलेली पाने रोजच्या रोज उचलावीत. दुसऱ्या गटातील झाडांना ही सवलत देऊ नये. ती श्वानाचा वावर असलेल्या घरात, अंगणात वा गच्चीवर असूच नयेत.

इतके करूनही श्वानाने काही खाल्ल्याचा संशय आला, तर तोंडातील तुकडे काढून तोंड पाण्याने पुसावे आणि तत्काळ पशुवैद्यकांना दूरध्वनी करावा. मिठाचे पाणी पाजून वांती करवू नये. जास्त मीठ श्वानाला स्वतःच विषासमान आहे. झाडाची चावलेली फांदी किंवा छायाचित्र सोबत न्यावे. काय खाल्ले, किती, केव्हा आणि श्वानाचे वजन किती, ही चार उत्तरे तयार ठेवावीत. पोटातील विष काढून टाकण्याचा उपाय पहिल्या एक-दोन तासांतच प्रभावी ठरतो, म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात वेळ दवडू नये. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबईत परळ, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे आहेत. त्यांतील परळचे महाविद्यालय १८८६ सालचे. महाविद्यालयांना जोडून पशुरुग्णालये असतात. आपल्या गावाजवळचे रुग्णालय कोणते, ते किती वाजेपर्यंत उघडे असते आणि रात्री कोणाला बोलवायचे, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

हिरवाईची हौस यामुळे सोडावी लागत नाही. अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलेथिया, आफ्रिकन व्हायोलेट ही झाडे श्वानांसाठी विषारी नाहीत. पुढच्या उद्घाटनाला कोणास रोप द्यायचे असेल आणि त्यांच्या घरी श्वान असेल, तर यांतूनच निवड करावी.

या रविवारी घरातील मुलांना सोबत घेऊन कुंड्यांची मोजदाद करावी. प्रत्येक झाडाचे नाव वहीत लिहावे, नावापुढे पहिला गट, दुसरा गट किंवा निर्धोक अशी नोंद करावी आणि कुंडीवर नावाची चिठ्ठी चिकटवावी. ज्याचे नाव सापडणार नाही, त्याचे छायाचित्र रोपवाटिकेत किंवा कृषी महाविद्यालयात दाखवावे. तोवर ती कुंडी श्वानाच्या आवाक्याबाहेर ठेवावी. वहीच्या पहिल्या पानावर पशुवैद्यकांचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिण्यास विसरू नये.