पाण्यात पायाला गोळा आला तर



परीक्षा संपल्या, सुट्टी लागली. कोकणातल्या घरांत मुंबई-पुण्याची मुले आली असतील आणि दुपार झाली की त्यांना विहीर, खाडी, नदीचा डोह यांची ओढ लागत असेल. शहरातल्या काहींनी पालिकेच्या तरण तलावात नाव घातले असेल. म्हणून या महिन्यात एकच गोष्ट नीट समजून घेऊ: पोहताना पायात येणारा गोळा, म्हणजे पेटका.

पोटरी एकाएकी दगडासारखी कडक होते, किंवा तळपाय आखडून बोटे आपोआप वळतात, आणि कळ डोक्यात जाते. 'त्या विहिरीत काहीतरी पाय ओढते' असे गावाकडे बोलले जाते. ओढणारे बाहेरचे कोणी नसते, आपलाच स्नायू आखडलेला असतो. असा पेटका बहुधा काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत सुटतो. धोका आहे तो त्या मिनिटात घाबरून हातपाय झाडण्याचा आणि नाकातोंडात पाणी जाण्याचा.

तो येतो का? मुख्य कारण थकवा. वर्षभर न पोहलेला मुलगा पहिल्याच दिवशी तासभर पाण्यात राहिला की दमलेला स्नायू आखडतो आणि सैल होत नाही. दुसरे कारण पायाची ठेवण. पोहताना आपण पंजा ताठ मागे ताणतो, त्यामुळे पोटरी आणि तळपायाचे स्नायू आखूड स्थितीत राहून काम करतात. अत्तहियातला बसताना डावा पंजा आडवा पडतो, तेव्हा वयस्कर माणसांच्या तळपायात गोळा येतो तो याच ठेवणीमुळे. खोल विहिरीचे गार पाणी आणि अंगातले पाणी कमी होणे यांनीही भर पडू शकते. जेवून पोहल्याने पेटका येतो ही समजूत मात्र सिद्ध झालेली नाही. भरल्या पोटी पोहताना जड वाटते, म्हणून थोडे थांबावे, इतकेच.

आता उपाय. पेटका आला की पोहणे थांबवा. मोठा श्वास घ्या, उताणे व्हा आणि पाण्यावर तरंगत राहा. छातीत हवा असली की अंग तरंगायला मदत होते. सोबत्याला हाक मारा. मग आखडलेला स्नायू ताणायचा. पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे धरा आणि पंजा नडगीकडे ओढा. हात पोहोचत नसेल तर पायाच्याच जोराने पंजा वर ओढून धरा. तळपायात असेल तर बोटे वरच्या बाजूला वळवा. नमाजीत बसताना उजव्या पायाची बोटे किब्ल्याकडे वळलेली असतात, तसाच हा ताण. मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर गुडघा दुमडून टाच मागे ओढा. मागच्या बाजूला असेल तर गुडघा सरळ करा. सुटेपर्यंत ताण धरून ठेवा, झटके देऊ नका.

गोळा सुटला म्हणून पुन्हा शर्यत लावायची नाही. तोच स्नायू लगेच परत आखडतो. उताणेच राहून हातांच्या जोराने सावकाश काठाला या, बाहेर पडा, पोटरी चोळा, पाणी प्या. त्या दिवसाचे पोहणे तिथेच संपले.

हे सारे घरी चटईवर बसून मुलांकडून करून घ्या. वर्गात आम्ही मुलांना विचारतो, तेव्हा पोहता येणारे बरेच हात वर होतात. उताणे तरंगता येते का म्हटले की त्यातले बरेच खाली जातात. मूल आधी तरंगायला शिको, मग हात मारायला.

काही घरांत अम्मी-अब्बांचा एकच हुकूम असतो: पाण्याकडे जायचे नाही. मुले तरीही जातात, फक्त न सांगता जातात, आणि मग काठावर मोठे माणूस नसते. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतोच. पाण्याच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे सोबत जाणारा मोठा माणूस, पाठीला बांधलेला डबा आणि काठावर तयार दोर.

मुलींचे काय? बऱ्याच तरण तलावांत फक्त महिलांची वेळ असते, तिची चौकशी करा. अंगभर कपडे घालूनही पोहता येते, पण ते अंगाबरोबर असावेत. घेरदार सलवार आणि लांब ओढणी भिजली की जड होते, पायात गुंतते, आणि पेटका आलेला पाय धरताच येत नाही. रोजा असेल त्या दिवशी पोहणे टाळलेलेच बरे. पोटात पाणी जाण्याची भीती असते आणि अंगही सुकलेले असते.

काठावरच्यांसाठी एक गोष्ट. कोणी ओरडले तर पोहता येते म्हणून लगेच उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. दोर, बांबू, ओढणी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन त्याच्याकडे टाका, आरडाओरडा करून माणसे जमवा आणि 112 किंवा 108 ला फोन लावा.

पाण्याबाहेरही वारंवार पेटके येत असतील, विशेषतः मधुमेह असेल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना सांगा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल आणि दुखत असेल तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

अल्लाह आपल्या लेकरांना आपल्या हिफाजतीत ठेवो, आणि आपल्याला त्यांच्यासोबत काठापर्यंत जाण्याची तौफीक देवो. आमीन.