काशीदमागचं जंगल

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की तळोज्याजवळच्या आमच्या नावड्यात दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. हाताशी दिवस तीन, गाडीत आजीपासून नातवापर्यंत सात माणसं आणि यादीत अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर. गेल्या दिवाळीत आम्हीही हेच केलं. परतल्यावर लेकीच्या लक्षात राहिली ती वडखळची वाहनांची रांग. म्हणून यंदा आम्ही यादीतली तीन नावं खोडली आणि एक नवं लिहिलं: फणसाड. तुम्हीही तेच करावं, असं मला मनापासून वाटतं.

समुद्रकाठचं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. आपली राष्ट्रीय उद्यानं सहा. चार विदर्भात, चांदोली सह्याद्रीत आणि बोरिवलीचं महानगराला खेटून. सागरी राष्ट्रीय उद्यान बघायचं तर कच्छच्या आखातात, जामनगरपर्यंत जावं लागतं. पण अलिबागहून मुरूडला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, तेव्हा डाव्या हाताच्या डोंगरांत फणसाड अभयारण्य पसरलेलं आहे. जंजिरा संस्थानच्या नबाबांचं हे शिकारीचं राखीव रान; १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. क्षेत्र ५० चौरस किलोमीटरांहून अधिक. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. आपण मात्र वर्षानुवर्षं समुद्राकडे बघत या जंगलाच्या कडेने निघून जातो.

मुलांना जंगलात नेताना बिबट्याचं आमिष दाखवू नये. तो इथे आहे, पण दिसला नाही की मुलं हिरमुसतात आणि जंगलात काहीच नव्हतं असं सांगत घरी येतात. त्यापेक्षा त्यांच्या हाती एक वही द्या आणि महाराष्ट्राची मानचिन्हं शोधायला लावा. राज्यप्राणी शेकरू सकाळच्या वेळी उंच फांद्यांवर फिरतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. बहुधा आधी दिसतं ते त्याचं घरटं, काटक्या-पानांचा मोठा गोळा. राज्यपक्षी हरियाल फळांनी लगडलेल्या वड-उंबरांवर थव्याने येतो. हिरव्या पानांत हिरवा पक्षी हेरायला डोळा तयार व्हावा लागतो. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं नीलवंत हे राज्य फुलपाखरू, आणि पावसानंतरचे हे दिवस फुलपाखरांचेच. पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्य कांदळवृक्ष आहे. खाडीकाठी चिखलातून वर आलेली तिवरांची श्वासमुळं मुलांना दाखवा आणि ती वर का येतात ते त्यांनाच विचारा. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, कारण त्याची आवक घटत चालली होती. मुरूडच्या मासळी बाजारात तो भेटेलच. तळहाताएवढं पिल्लू असेल तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते मुलांना तिथेच सांगा. ताम्हण, आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात फुलतं. वहीतली ती एक जागा मे महिन्यासाठी मोकळी ठेवा.

आता बेत. पहाटे पाचच्या आत नावडं सोडा. कळंबोली, पनवेल, पेण, वडखळला अलिबागचा फाटा, मग रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई, काशीद, नांदगाव. दोन्ही रात्री एकाच घरी राहा. दुसऱ्या दिवशी उजाडताच सुपेगावच्या बाजूने जंगलात शिरा. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या यांची चौकशी निघण्याआधीच करून ठेवा. कपडे मातकट रंगाचे, पायात बूट, पाणी भरपूर. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर सोसवत नाही. आजीला लांबच्या चालीला ओढू नका, तिला सुपारीच्या वाडीत निवांत बसू द्या. संध्याकाळ समुद्राची. काशीदला बुडण्याचे प्रसंग अनेकदा घडले आहेत, तेव्हा जीवरक्षक थांबवेल तिथे थांबा. तिसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा बघा आणि उन्हं कलायच्या आत परत फिरा.

मुक्काम हॉटेलापेक्षा गावातल्या घरात असावा, असा माझा आग्रह आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागा झोपवल्या. सुपारीचं रोप धरतं होईपर्यंत वर्षं जातात. त्या काळात पाहुण्यांना वाढलेल्या तांदळाच्या भाकरीवर आणि सोलकढीवर किती घरं सावरली असतील! आपला पैसा त्या चुलीपर्यंत पोहोचायला हवा. आणि नेलेलं प्लास्टिक परत आणायला हवं, अगदी शेवटच्या वेष्टनापर्यंत.

एवढा आग्रह का, तेही सांगतो. आपण तळोजा औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इथले प्रदूषणाने निळे पडलेले कुत्रे देशभर बातमी झाले होते. आपल्या दारची कासाडी ही नदी आहे, हे आपल्या मुलांना सांगावं लागतं. बघून ते कळत नाही. पावसाळा नुकताच सरल्यावर फणसाडचे ओढे नितळ वाहत असतात. त्या पाण्याच्या काठी माझी लेक तासभर बसली, तर तिला न सांगता एक माप मिळेल. नितळ पाणी ज्याने पाहिलं आहे, तेच मूल उद्या आपल्या दारच्या नदीसाठी ते मागेल.

तेव्हा यादी आजच काढा, नावं खोडा, आणि या दिवाळीत मुलांना एक सकाळ जंगलाची द्या.