वृद्धाश्रमातला नागरिक

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यासंबंधीचा कायदा संसदेने २००७ साली केला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारला 'उभारता येईल', असे त्याचे १९वे कलम म्हणते. 'उभारलाच पाहिजे' असे न म्हणणाऱ्या या सौम्य क्रियापदावर टीका झाली आहे आणि ती रास्तच आहे. परंतु त्याच कायद्यातील 'कल्याण' या शब्दाची व्याख्याही तितक्याच बारकाईने वाचली पाहिजे. अन्न, आरोग्यसेवा, करमणुकीची केंद्रे आणि अन्य आवश्यक सुखसोयी म्हणजे कल्याण, असे ती व्याख्या सांगते. या यादीतील प्रत्येक वस्तू वृद्धाला द्यावयाची आहे. त्याला विचारावयाचे असे तीत काहीच नाही. मतदार म्हणून ज्याचा शब्द राज्यकर्त्यांना मोलाचा वाटतो, तोच माणूस वृद्धाश्रमाचा उंबरठा ओलांडताच केवळ लाभार्थी होतो.

भोकर तालुक्याच्या संदर्भात याचा अर्थ काय, हे पाहण्यासारखे आहे. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत. जिल्ह्याला एक वृद्धाश्रम या हिशेबाने भोकरच्या एखाद्या तांड्यावरील निराधार वृद्धेला आसरा हवा असेल, तर गाव, शेजार आणि सोबतिणी सोडूनच तो घ्यावा लागेल. हा सीमेवरचा मुलूख. येथे मराठीबरोबर तेलुगू, उर्दू आणि बंजारा बोली कानांवर पडतात. जिला आयुष्यभर बंजारा बोलीतच सुखदुःख सांगता आले, तिच्या शेजारच्या खाटेवर कोण असावे, ताटात ज्वारीची भाकरी असावी की नाही, भेटीला कोणी केव्हा यावे, हे प्रश्न व्यवस्थापनाला किरकोळ वाटतील. तिच्या दृष्टीने मात्र तेच उरलेले आयुष्य असते.

इंग्लंडने हा धडा फार पूर्वी घेतला. तेथील जुना दारिद्र्य कायदा १९४८ साली संपुष्टात आला आणि निराश्रितांच्या अपमानास्पद वसतिगृहांचे युग सरले, असे मानले गेले. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धनिवासांना भेटी देऊन १९६२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा निराळेच वास्तव पुढे आले. अनेक वृद्ध त्याच जुन्या इमारतींमध्ये राहत होते. त्याहून गंभीर गोष्ट ही की, बऱ्या इमारतींमध्येही माणसांचे काम, खाजगीपण आणि स्वतःविषयी निर्णय घेण्याची मुभा हिरावली गेली होती. कायदा बदलला होता. देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते मात्र बदलले नव्हते.

न विचारता दिलेल्या छपराची कहाणी मराठवाड्यालाही अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या घरांनी लोकांना सुरक्षितता दिली, हे निर्विवाद आहे. परंतु सरळ, रुंद रस्त्यांच्या त्या आखणीत जुन्या गावाची दाटी आणि तिच्याबरोबरचा सहज शेजार विरळ झाला. याउलट, कमी हानी झालेल्या गावांत घरमालकांना पैसा, साहित्य व तांत्रिक सल्ला देऊन दुरुस्तीचा निर्णय त्यांच्याच हाती ठेवण्यात आला आणि मोठ्या प्रमाणावर कामे पार पडली. गरिबाला निर्णय घेता येत नाही, हा समज येथेच खोटा ठरला.

अर्थात निवडीचा प्रश्न वृद्धाश्रमाच्या दारात सुरू होत नाही. तो त्यापूर्वीच सुरू झालेला असतो. स्वतःच्या घरी राहणे ज्याला परवडत नाही, तो वृद्धाश्रम 'निवडतो' असे म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. श्रावणबाळ योजनेखाली महाराष्ट्रात २०२३पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यासाठीही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ८० वर्षांखालील वृद्धासाठी केंद्र सरकार जे २०० रुपये देते, ते २००७पासून तेवढेच आहेत. दरम्यान महागाईने त्यांचे मोल निम्म्याहून कमी केले. भोकरला लागून असलेल्या तेलंगणाने २०१९ सालीच ही रक्कम २,०१६ रुपयांवर नेली होती. क्रयशक्तीविना स्वातंत्र्य हा पोकळ शब्द आहे, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सत्य वृद्धांच्या बाबतीत आपण सोयीस्करपणे विसरतो.

दीडशे माणसे आणि मोजके कर्मचारी असताना प्रत्येकाची मर्जी सांभाळावी कशी, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोरकट नाही. सार्वजनिक स्वयंपाकघराला वेळापत्रक लागते, आणि ज्यांची स्मृती लोपली आहे अशांचे काही निर्णय इतरांनाच घ्यावे लागतात. परंतु एका बाबतीतील असमर्थता म्हणजे सर्वच बाबतींतील असमर्थता नव्हे. ज्याला बँकेचा व्यवहार उमगत नाही, त्यालाही आंघोळ सकाळी करावी की दुपारी, हे नक्की ठाऊक असते. शिवाय ज्या गोष्टींनी माणसाचा मान राहतो, त्यांपैकी बहुतेकांना पैसा लागतच नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक निवासी वृद्धाचे निवृत्तिवेतन त्याच्याच खात्यात आणि त्याच्याच हाती राहावे. प्रत्येकाला कुलपाचे कपाट आणि त्याची किल्ली मिळावी. गावी जाऊन येण्यास आणि आश्रम सोडण्यास कोणाच्या मेहेरबानीची गरज नसावी. बागेत वा स्वयंपाकघरात ज्याला काम करावयाचे असेल त्याला ते मोबदल्यासह मिळावे. कोणावर त्याची सक्ती नसावी. व्यवस्थापन समितीत निवाशांनी निवडलेल्या प्रतिनिधींना निम्म्या जागा असाव्यात, आणि जमाखर्च व जेवणाचा बेत त्यांच्यासमोर मांडला जावा. जिल्ह्याच्या ठिकाणी एक प्रचंड इमारत बांधण्याऐवजी तालुक्यातालुक्यात लहान निवास उभारावेत, म्हणजे गाव तुटणार नाही. या अटी नियमांत लिहून अनुदानाशी जोडल्या, तरच त्यांना अर्थ राहील. संचालकांच्या चांगुलपणावर सोडलेला हक्क संचालक बदलताच संपतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दर दहा माणसांमागे जवळपास एक साठीपलीकडचा होता. हे प्रमाण यापुढे वाढतच जाणार. या माणसांनी शेते कसली, रस्ते बांधले, ऊस तोडला. त्यांच्या श्रमावर इतरांची सुबत्ता उभी राहिली. त्यांना अखेरच्या काळात दोन वेळचे जेवण देणे हे समाजाचे किमान कर्तव्य आहे. ते जेवण कोठे, कोणासोबत आणि केव्हा घ्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांचा आहे. तो दान म्हणून देण्याचा हक्क कोणालाच नाही.