लेझरवरची प्रोटॉन थेरपी : तोवर उपचार थांबवायचे का?

"डॉक्टर, लेझरवर चालणारं छोटं, स्वस्त प्रोटॉन मशीन येतंय म्हणे. तोवर बाबांचं रेडिएशन थांबवू का?" मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत एका रुग्णाच्या मुलाने मला विचारले. संशोधन खरे आहे. पण त्याच्या भरवशावर उपचार थांबवू नका. कारण समजून घेऊ.

प्रोटॉन थेरपी कोणासाठी?
नेहमीच्या रेडिएशनमधील एक्स-रे गाठीच्या पलीकडेही जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा सोडून थांबतात. म्हणून मेंदू किंवा कण्याजवळच्या काही गाठींत, विशेषतः लहान मुलांत, त्यांचा फायदा होतो. प्रत्येक कॅन्सरला त्यांची गरज नसते. आपल्या रायगड जिल्ह्यातच, खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, हा उपचार २०२३ पासून मिळतो.

मग लेझर कशाला?
खोलवरच्या गाठीसाठी प्रोटॉनना सुमारे २३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा द्यावी लागते. ती देणारे सायक्लोट्रॉन यंत्र २०० टनांहूनही जड असू शकते. शिवाय जाड भिंतींची खास इमारत लागते. खर्च वाढतो तो इथे.

लेझरची वाट वेगळी आहे. अत्यंत तीव्र लेझरचा क्षणार्धाहून कितीतरी लहान झोत घन पदार्थावर पडला की तिथे प्लाझ्मा तयार होतो. हा रक्तातला प्लाझ्मा नव्हे. यात अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. हलके इलेक्ट्रॉन आधी सुसाट सुटतात आणि त्यांच्या ओढीने मागचे जड आयन वेग घेतात.

हा वेग वाढवण्याचा एक प्रयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. गुळगुळीत पृष्ठभागावर त्यांनी जिवाणूंचा थर दिला. त्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे लेझरची ऊर्जा जास्त शोषली गेली. त्याच लेझरने कार्बन आयनांची ऊर्जा ४० हजारांवरून ७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टवर गेली.

घोडे कुठे अडले?
७ लाख आणि २३ कोटी यांतले अंतर पाहा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी लेझरने प्रोटॉनना सुमारे १५ कोटींपर्यंत नेले आहे. २०२२ मध्ये उंदरांच्या गाठींवर प्रयोगही झाले. पण नुसती ऊर्जा पुरत नाही. प्रत्येक झोतातून तेवढेच प्रोटॉन, तेवढ्याच ऊर्जेने निघाले पाहिजेत. नाहीतर डोस चुकतो आणि निरोगी भाग भाजतो. माणसांवरचा उपचार अजून दूर आहे.

तुम्ही काय कराल?
ठरलेले रेडिएशन चुकवू नका. मध्ये खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला वेळ मिळतो. कॅन्सरतज्ज्ञांना एवढेच विचारा : "या गाठीसाठी आज उपलब्ध असलेल्या प्रोटॉन थेरपीचा नेहमीच्या रेडिएशनपेक्षा खरंच जास्त फायदा आहे का?" उत्तर "हो" असेल, तर कागदपत्रे घेऊन खारघरला चौकशी करा. "नाही" असेल, तर सुरू असलेला उपचार निर्धास्तपणे पूर्ण करा.