काळा पाषाण, पांढरा कापूस

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो. तो प्रकाश मंद उजेडातल्या पांढऱ्या वस्तूवरून आला की प्रखर उजेडातल्या काळ्या वस्तूवरून आला, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून ही यंत्रणा एका गृहीतकावर उभी केलेली आहे: दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असते, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या पृष्ठभागाइतकी. नव्या कॅमेऱ्यांना चेहरे आणि दृश्यप्रकार ओळखता येत असले, तरी हे गृहीतक पूर्णपणे सुटलेले नाही. आणि बुलढाणा जिल्ह्यात नवशिक्या छायाचित्रकाराला ते वारंवार दगा देते, कारण इथल्या भूमीचे दोन ठळक रंग, बेसाल्टचा काळा आणि कापसाचा पांढरा, त्या सरासरीच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत.

वेचणीच्या दिवसांत फुटलेल्या बोंडांनी पांढरी झालेली पऱ्हाटी, किंवा खामगावसारख्या जुन्या बाजारपेठेत ओतलेला कापसाचा ढीग, चौकट भरून ऑटोवर टिपला तर तो मळकट राखाडी उतरतो; यंत्राला ते दृश्य अतिप्रकाशित वाटते आणि ते प्रकाश कापते. उलट लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची काळवंडलेली भिंत चौकटभर घेतली, तर यंत्र प्रकाश वाढवते आणि दगड फिका, धुरकट दिसू लागतो. दोन्ही चुकांवरचा उपाय एकच असून तो कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाच्या बटणात असतो. त्याला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे यंत्राने ठरवलेल्या प्रकाशात माणसाने केलेली दुरुस्ती, असे म्हणतात. कापसासाठी साधारण एक ते दीड स्टॉप अधिक आणि काळ्या दगडासाठी सुमारे एक स्टॉप उणे करावा लागतो. इथे एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निम्मी मात्रा. पांढऱ्यासाठी वाढवायचे आणि काळ्यासाठी घटवायचे, हा क्रम प्रथम उलटा वाटतो. पण तो एकदा उमगला की प्रकाशमापन समजण्यातली मुख्य अडचण दूर होते.

शिकण्याची सुरुवात थेट मॅन्युअलपासून, म्हणजे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ (मिळालेल्या संकेताचे वर्धन) या तिन्ही मात्रा स्वतः ठरवण्यापासून करावी, हा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो योग्य नाही. तीन चाके एकदम हाती आली की नवशिक्याचे लक्ष दृश्यावरून उडून आकड्यांवर खिळते. त्यापेक्षा छिद्र, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याची वाट, तेवढी स्वतः ठरवावी आणि शटरचा वेग यंत्राकडे ठेवावा. छिद्राचा आकडा हा भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येतो, त्यामुळे ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे छिद्र. आकडा लहान तेवढी वाट मोठी, आणि दृश्यात पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद.

तिन्ही मात्रांचा परस्परसंबंध दैत्यसूदन मंदिराच्या आत सर्वांत चांगला समजतो. बाहेरच्या उन्हातून मंडपात आल्यावर डोळे काही वेळाने सरावतात आणि छतावरील शिल्पे हळूहळू दिसू लागतात, पण कॅमेऱ्याला असे सरावणे नसते. समजा, एफ/४ आणि आयएसओ १०० वर मापक पाव सेकंद मागतो. हाताने धरलेल्या कॅमेऱ्यासाठी वेग निदान नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका, म्हणजे ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५० सेकंदाइतका जलद असावा, असा जुना संकेत आहे. त्यामुळे पाव सेकंदात शिल्पाच्या कडा पुसल्या जाणार. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड वापरायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अशा वेळी आयएसओ १०० वरून १६०० केले की चार स्टॉप मिळतात आणि वेग १/६० सेकंदावर येतो. त्याची किंमत चित्रातल्या रवाळपणाने मोजावी लागते. कडा पुसलेले शिल्प पुन्हा सुस्पष्ट करता येत नाही, तर रवाळ चित्रातही कोरीवकाम वाचता येते, म्हणून इथे रवाळपणाच पत्करावा. ही निवड यंत्र करू शकत नाही असे नाही. ती कशासाठी करायची, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

रंगाच्या बाबतीतही यंत्र सरासरीच धरते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेची भरपाई, ऑटोवर असेल तर दृश्यावर पसरलेली एकच छटा ही प्रकाशाचा दोष समजून ते फिकी करण्याची शक्यता असते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्यामागे क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीव असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. असा रंग टिपताना समतोल सूर्यप्रकाशाच्या ठरावीक खुणेवर स्थिर ठेवला, तर काठावरून घेतलेली चित्रे निदान एकमेकांशी ताडून पाहता येतात. त्या जूनमधील ज्या चित्रांत हा समतोल यंत्रावर सोपवलेला होता, त्यांवरून पाण्याच्या खऱ्या छटेचा अंदाज बांधताना यंत्राने छटा फिकी केली असेल, ही शंका अभ्यासकाला मनात धरावीच लागते.