कचरा टाकणारा दोषी, मग बनवणारा कोण?

भरती ओसरल्यावर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर चालून बघा. पाण्याची बाटली दिसली तर कुणीतरी उचलतो, भंगारात तिचे पैसे मिळतात. वेफर्सच्या पाकिटाला, शाम्पूच्या पुडीला मात्र कुणी हात लावत नाही. असं का?

दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची असते, ती वितळवून पुन्हा वापरता येते. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिकचे वेगवेगळे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. म्हणजे ते पाकीट रस्त्यावर पडण्याआधीच, कारखान्यात, कचरा ठरलेलं असतं.

"लोकांना शिस्त नाही" हे अर्धसत्य आहे. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर सामान होडीने येतं. ज्याला कवडीची किंमत नाही ते रिकामं पाकीट होडीने परत कोण नेणार? मग ते जाळलं जातं. त्या धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात आणि दमेकऱ्याला धाप लागते. कचऱ्यात पीव्हीसी असेल तर डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. जे जळत नाही ते गटार तुंबवतं. मग पावसाळ्यात त्या साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

2016 च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारं बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं ठरलं होतं. 2018 मध्ये त्यात 'ऊर्जा मिळवता न येणारं' आणि 'पर्यायी उपयोग नसलेलं' असे शब्द घातले गेले. भट्टीत जाळता येतं म्हटलं की पाकीट सुटलं! याला पळवाट नाही तर काय म्हणायचं?

कंपन्या म्हणतात, पाकीट बदललं तर माल टिकणार नाही, महाग होईल. दम्याच्या पंपाचं उदाहरण घ्या. त्यात पूर्वी ओझोनचा थर विरवणारा सीएफसी वायू असे. 1987 च्या माँट्रियल करारानंतर कंपन्यांना तो वायू बदलावा लागला. पंप आजही मिळतो आणि रुग्णाला आरामही पडतो. जीव वाचवणाऱ्या औषधाची रचना बदलता येते, तर वेफर्सच्या पाकिटाची का नाही?

आमच्या गोळ्यांच्या पट्ट्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा.

तुम्ही कचरा वेगळा करा, जाळू नका. पण सगळा दोष स्वतःवर घेऊ नका. जो वस्तू घडवतो, त्याने तिच्या शेवटाचाही विचार करायला हवा, आणि कायद्याने त्याला तो करायला लावला पाहिजे.